गळती कुठे आहे, त्याआधी ती कधी होते ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा. गाडी बारा-तेरा वर्षं जुनी, पेट्रोलवरची, रोज कामावर जाताना आठ-दहा किलोमीटर आणि येताना तेवढीच चालणारी. कूलंटची बाटली दर आठ-दहा दिवसांनी खालच्या खुणेच्याही खाली जाते. गाडीखाली थेंबही दिसत नाही आणि तापमानाचा काटा कायम मध्यावर. एक मेकॅनिक म्हणतो रेडिएटर बदला. दुसऱ्याने ऑइलच्या झाकणाखाली पांढरट थर पाहिला आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेली असं सांगून टाकलं. तिसरा म्हणतो स्टॉप-लीक, म्हणजे गळती आतून बुजवणारं द्रव, ओता. आणि तुमचा शेवटचा प्रश्न: एवढंसंच कमी होतंय, तर नुसतं पाणी भरत राहिलं तर काय बिघडेल?

या तिघांपैकी एखादा बरोबरही निघेल. पण तिघांनीही गळती डोळ्यांनी पाहिलेली नाही, आणि खरी अडचण तीच आहे. रेडिएटर बदलूनही बाटली खाली गेली तर तुम्ही पुन्हा आज आहात तिथेच उभे राहाल, पैसे मात्र गेलेले असतील. हेड उतरवणं तर त्याहून मोठं काम. म्हणून माझ्या हाताखाली अशी गाडी येते तेव्हा गळती पाहिल्याशिवाय किंवा चाचणीत पकडल्याशिवाय मी एकही पार्ट बदलायला सांगत नाही. तुम्हीही तसाच आग्रह धरा.

आधी एक गोष्ट पक्की करू. कूलिंग सिस्टीम बंदिस्त असते. काही इंजिनं ऑइल थोडंफार जाळतात, तसं कूलंटचं होत नाही. ते वापरलं जात नाही. इंजिन तापलं की पातळी थोडी वर चढते, थंड झालं की खाली येते, एवढाच काय तो फरक. लहान गाडीत सगळं मिळून साधारण ४ ते ६ लिटर कूलंट असतं. त्यातलं दर आठवड्याला पाव लिटर जात असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतंय किंवा इंजिनात शिरतंय. तिसरा रस्ता नाही.

मग थेंब का दिसत नाही? कारण गरम इंजिनावर झिरपलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही. ब्लॉकवर, एक्झॉस्टच्या पाइपजवळ किंवा रेडिएटरच्या जाळीवर तो जागीच वाळतो. गाडीखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर उरलेलं त्यात साठतं. म्हणजे डबकं दिसलं नाही याचा अर्थ गळती बारीक आहे, किंवा गरम जागी आहे. ‘बाहेर दिसत नाही म्हणजे आतच असणार, म्हणजे हेड गॅस्केट’ ही उडी अनेक जण मारतात, आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडते.

आता माझी पद्धत सांगतो. गळती कुठे आहे हे शोधायच्या आधी ती कोणत्या अवस्थेत होते हे मी ठरवतो, कारण अवस्था कळली की निम्म्या जागा आपोआप बाद होतात.

यासाठी दाबाचं गणित समजून घ्या. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण म्हणजे प्रेशर कुकरचं झाकणच: आत दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं द्रव लवकर उकळत नाही. झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो साधारण बार या एककातला दाब. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल असलेलं कूलंट उघड्यावर १०७ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. एक बार दाबाखाली तेच १२५ अंशांच्या पुढे टिकतं. म्हणजे धावत्या, तापलेल्या गाडीत प्रत्येक सांध्यावर हा दाब असतो आणि सकाळी थंड गाडीत तो जवळपास नसतो. तुमचा तपास यातल्या फरकावर उभा आहे.

थंड गाडीतून, दाब नसताना कूलंट जात असेल तर संशय होजच्या, म्हणजे रबरी पाइपांच्या, टोकांवर जातो. जुनं रबर कडक होतं, थंड झालं की आकसतं आणि क्लिपची पकड सैल पडते. इंजिन तापलं की सगळं फुगून सांधा पुन्हा बंद. अशी गळती रात्रीच होते आणि दिवसा गॅरेजमध्ये कोणालाच सापडत नाही. उलट फक्त तापल्यावर होणारी गळती म्हणजे प्लॅस्टिकच्या टाकीला गेलेली केसाएवढी चीर, रेडिएटरचा सांधा, झाकण किंवा हेड गॅस्केट. आणि फक्त इंजिन फिरत असताना होणारी गळती पाहिली की मी सरळ वॉटर पंपाकडे वळतो.

आणखी एक अवस्था आहे, आणि ती बहुतेकांच्या हातून निसटते: गाडी बंद केल्यानंतरची पहिली दहा मिनिटं. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, कूलंट फिरायचं थांबतं, पण हेडमधली उष्णता त्यात उतरतच राहते. त्यामुळे बंद केल्यावर तापमान आणि दाब काही काळ वाढतात. घरी पोचल्यावर चावी काढून आत जाऊ नका. बॉनेट उघडा, टॉर्च घ्या, आणि कशालाही हात न लावता पाहा आणि ऐका. बारीक फुसफुस, गोडसर वास, कुठे तरी वाफेचा धागा, हे सगळं याच वेळी सापडतं. रेडिएटरचा पंखा विजेवर चालत असेल तर तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात लांब. आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही, अर्धा फेरासुद्धा नाही. दाब सुटला की आतलं कूलंट एका क्षणात उकळून वर उसळतं आणि चेहरा-हात भाजतात.

तर पहिला आठवडा नुसत्या नोंदींचा. बाटलीवर पातळीच्या रेषेत टेपचा तुकडा चिकटवा. रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, त्याच जागी उभी असताना पातळी पाहा आणि लिहा. भरताना मोजून भरा. सुट्टीचे दोन दिवस गाडी हलली नाही आणि तरीही पातळी उतरली, तर थंड गळती नक्की. उभ्या गाडीत पातळी जशीच्या तशी आणि लांबच्या एका प्रवासात एकदम खाली, तर दाबाची गळती. ही वही मेकॅनिकपुढे ठेवलीत तर ‘बघू, रेडिएटर असेल’ या बोलण्याला जागाच उरत नाही.

बाटलीविषयी एक सूचना. काही गाड्यांत झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली नुसती साठवणीची, दाब नसलेली असते. अशा गाडीत थंड असताना रेडिएटरचंही झाकण उघडून पाहा. होजला कुठे फट असेल तर इंजिन थंड होताना बाटलीतून कूलंट परत ओढलं जाण्याऐवजी त्या फटीतून हवा ओढली जाते. मग बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं चित्र दिसतं. दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत बाटली हीच दाबाची टाकी असते, तिथे जे दिसतं ते खरं.

पाहणी थंड इंजिनावर, चांगल्या उजेडात करा. ओला थेंब शोधू नका, वाळलेला माग शोधा. कूलंट वाळलं की त्याच्या रंगाची, हिरवी, गुलाबी किंवा नुसती पांढरट खपली मागे राहते. मात्र ती जिथे दिसते तिथेच गळती आहे असं धरू नका. पंखा आणि समोरून येणारी हवा थेंबाला मागे फेकते, वजन त्याला खाली ओढतं. म्हणून डागांचा माग धरत सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा डाग गाठायचा. बाराएक वर्षांच्या इंजिनावर जुने डागही असणारच. ते ओल्या फडक्याने पुसून घ्या, दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा पाहा. नवा उमटलेला डाग खोटं बोलत नाही.

या वयाच्या गाडीत मी आधी प्लॅस्टिक पाहतो. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची, दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, आणि दोन्ही मधे रबरी सील घालून दाबून बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षं तापून-थंडावून हे सील कडक होतं आणि सांध्याच्या रेषेत पाझर सुटतो. थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) हाउसिंग प्लॅस्टिकचं असेल तर तेही ठिसूळ होतं. दाबाच्या टाकीच्या जोडरेषेत बारीक चिरा पडतात, त्या थंड असताना दिसतही नाहीत. होज दाबून पाहा: निरोगी होज लवचीक लागतो, टोकाजवळ फुगलेला, पिचपिचीत किंवा करकरणारा होज बदलायच्या लायकीचा. इंजिनाच्या मागच्या बाजूचे हीटरचे दोन होज आणि थ्रॉटल बॉडीकडे जाणारे बारीक पाइप विसरले जातात, तेही पाहा. क्लिप सैल वाटली तर बेतानेच आवळा. जोर लावून आवळल्याने खालची प्लॅस्टिकची नळी तडकलेल्या गाड्या माझ्याकडे बऱ्याच येतात.

वॉटर पंपाच्या अंगावर, शाफ्टच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्याखाली रंगीत ओघळ दिसला की पंपाचे दिवस भरले. पुली हाताने हलवून पाहा. खेळ जाणवला किंवा फिरताना घरघर आली तर निदान पक्कं. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर तो कव्हरच्या आत लपलेला असतो आणि कूलंट बेल्टवर पडू शकतं. तिथे चालढकल नको, कारण बेल्ट सटकला किंवा तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. पंप बदलताना बेल्ट आणि टेन्शनरही त्याच वेळी बदला, खोलायची मेहनत एकच असते. ब्लॉकच्या बाजूला बसवलेले गोल पत्र्याचे कोअर प्लगही गंजून झिरपतात, विशेषतः गाडी वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चालली असेल तर.

आता केबिन. गाडीत गोडसर वास येतो का? हीटर किंवा डिफॉगर लावल्यावर समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं का? डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं आहे का? असेल तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, केबिनला गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) गळतोय, आणि तुम्हाला बाहेर थेंब न सापडण्याचं कारण मिळालं. फक्त एसीच्या पाण्याशी गफलत करू नका. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं आणि बोटांवर चोळलं तर पाण्यासारखंच लागतं. कूलंट बुळबुळीत लागतं. चव घेऊन पाहायची नाही, कारण इथिलीन ग्लायकोल विषारी आहे. गोड असल्यामुळे मांजरं-कुत्री ते चाटतात आणि मरतात, म्हणून सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि उरलेला डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

एवढं करूनही सापडलं नाही तर गॅरेजमध्ये नेऊन प्रेशर टेस्ट मागा. नाव घेऊनच मागा. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप आणि गेज बसवतात, झाकणावरच्या आकड्याएवढा दाब देतात, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. इंजिन बंद, पंखा बंद, सगळं थंड, आणि आत मात्र धावत्या गाडीएवढा दाब. गरम इंजिनावर वाळून जाणारा थेंब आता टपकताना दिसतो. मी ही चाचणी घाईत करू देत नाही. गेजचा काटा पाच मिनिटांत हलला नाही म्हणून टेस्टर काढून घेतला तर बारीक पाझर तसाच राहतो. थंडमध्ये काहीच मिळालं नाही तर इंजिन तापवून पुन्हा करायची. तुमच्यासारख्या हळू गळतीसाठी कूलंटमध्ये यूव्ही डाय टाकून, चार-पाच दिवस गाडी चालवून मग निळसर दिव्याखाली पाहणं हाही चांगला उपाय आहे. डाय जिथून बाहेर येतो तिथे तो चमकतो.

त्याच भेटीत झाकणही तपासून घ्या. हा सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित. त्यातली स्प्रिंग थकली की ठरलेल्या दाबाच्या आधीच ते उघडतं आणि कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफ होऊन निघून जातं. गाडीखाली काही दिसत नाही, पातळी मात्र उतरते. त्याच झाकणात आतल्या बाजूने उघडणारा छोटा व्हॉल्व्हही असतो. तो अडकला तर गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसतो. नवं घेताना आकडा तोच हवा.

आता तुम्हाला ज्याची धास्ती बसली आहे त्या हेड गॅस्केटकडे येऊ. ऑइलच्या झाकणाखालचा पांढरट थर हा एकटा पुरावा मी मानत नाही. आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही, आतली वाफ थंड झाकणाखाली जमते आणि ऑइलमध्ये मिसळून तसा थर धरतो. डिपस्टिक काढून पाहा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि ऑइलची पातळी वाढलेली नसेल, तर तो थर बहुधा वाफेचा. एकदा तासभर गाडी सलग चालवून थर पुसा आणि तो पुन्हा येतो का ते पाहा.

मला विचारात पाडणाऱ्या खुणा वेगळ्या. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा टणक होणं. इतक्या लवकर उष्णतेने दाब येत नाही, तो सिलिंडरमधला वायू असतो. टाकीत सतत बुडबुडे. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर. सकाळी सुरू करताना एखादा सिलिंडर मिस होणं आणि काही सेकंदांत इंजिन सुरळीत होणं. स्पार्क प्लग काढले तर बाकीच्यांवर काजळी आणि एकच धुतल्यासारखा लख्ख. यातलं काही दिसलं तर ब्लॉक टेस्ट करून घ्या: टाकीतली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात, त्यात जळलेला वायू असेल तर द्रव पिवळं पडतं. एकदा निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, बारीक गळती इंजिन नीट तापल्यावरच वायू सोडते. पॉझिटिव्ह आली तर मात्र हेड उतरवण्याला पर्याय नाही, आणि उतरवलंच तर हेडची सपाटी मोजून घेतल्याशिवाय नवी गॅस्केट बसवू देऊ नका.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून, म्हणजे न तापणारी गाडी, हळू गळती आणि धुराचा उल्लेख नाही, माझा पहिला संशय झाकण आणि प्लॅस्टिकच्या सांध्यांवर आहे, त्यानंतर पंपावर, आणि हेड गॅस्केट बरीच खाली. गाडी पूर्वी कधी जोरात तापली असेल तर हा क्रम बदलेल, कारण एकदा तापलेलं हेड वाकलेलं असू शकतं. ते तुम्हालाच आठवून पाहावं लागेल.

स्टॉप-लीक मी टाकू देत नाही. ते चिरेत बसतं तसंच हीटर कोअरच्या बारीक नळ्यांतही बसतं, आणि पुढे जो कोणी खरी दुरुस्ती करेल त्याला आधी सगळी सिस्टीम धुवावी लागते. रस्त्यात अडकलात आणि दुसरा मार्गच नाही, तेवढ्यापुरतं ठीक.

आणि नुसतं पाणी? दोन-चार दिवस, तेही डिस्टिल्ड, चालेल. पण दर आठवड्याला पाव लिटर पाणी घातलं की दोन-तीन महिन्यांत कूलंट इतकं पातळ होतं की त्यातली गंजरोधक द्रव्यं निरुपयोगी ठरतात. नळाच्या पाण्याने क्षार साचतात ते वेगळंच. म्हणून भरताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचंच कूलंट, ठरलेल्या प्रमाणात मिसळून भरा. रंगावर जाऊ नका; एकाच रंगात वेगवेगळ्या रसायनांची कूलंट मिळतात.

तपास चालू असताना गाडी वापरता येईल, मात्र रोज सकाळी पातळी पाहून, आणि मध्यावर असलेल्या काट्याच्या भरवशावर नाही. बऱ्याच गाड्यांत तो काटा तापमान बरंच वर-खाली झालं तरी मुद्दाम मध्यावर ठेवलेला असतो. शिवाय कूलंट इतकं उतरलं की सेन्सर हवेत उघडा पडला, तर तो इंजिन तापत असतानाही थंडच दाखवू शकतो. चालताना हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, काटा वर-खाली नाचला किंवा वर सरकला, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. घर दोनच किलोमीटरवर असलं तरी तशीच पुढे नेऊ नका. हेड वाकायला तेवढं अंतर पुरतं.

दुरुस्ती झाल्यावर हवा नीट काढून घ्या. ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडून हळूहळू भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा एक-दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, आणि गाडी पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरायची. आत अडकलेली हवा निघत असल्याने पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरेल. ती गळती नाही, घाबरून पुन्हा खोलाखोल करू नका. पुढच्या आठवड्यात टेपच्या खुणेपाशी ती स्थिर राहिली तर काम झालं. तरीही उतरतच राहिली तर नोंदवही घेऊन प्रेशर टेस्टपासून पुन्हा सुरुवात करा, आणि या वेळी इंजिन गरम असताना.